सहाव्या खाटेची बाटली

त्या वॉर्डात अकरा खाटा होत्या आणि खाटांवरची सगळी माणसं मिनिटाला वीस श्वास घेत असत. निदान कागदावर तरी. म्हातारं असो की तरणं, दोन शब्द बोलून धापा टाकणारं असो की भिंतीकडे तोंड करून गाढ निजलेलं असो, खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावर सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. जशी एकाच साच्यातून काढलेली माणसं.

हे सगळ्यात आधी ध्यानात आलं ते ताईच्या. ताई म्हणजे याच वॉर्डातली सिस्टर. बारा वर्षं छातीच्या रोग्यांची उशापायथ्याशी सेवा केल्यावर तिला वरून हुकूम आला, आता तू गुणवत्ता बघायची. म्हणजे काय करायचं, हे हुकूम देणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं. ती आपली कागद अडकवायची एक फळी आणि पेन घेऊन हिंडू लागली. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी रोज बदलतं का, वाफेचे मास्क धुऊन वाळवतात का, घरी जाणाऱ्याला फवाऱ्याचा पंप ओढायला कुणी शिकवतं का, रिकाम्या खाटेचा ऑक्सिजन बंद असतो का. हे बघता बघता तिनं तक्त्यांवरच्या श्वासाच्या तीनशे नोंदी उतरवून काढल्या. त्यातल्या दोनशे एकाहत्तर वीस निघाल्या.

महिन्याच्या बैठकीत तिनं तो कागद पुढे ठेवला, तेव्हा मोठे डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "वा. आपल्या वॉर्डात शिस्त मोठी हो. सगळे एका तालात श्वास घेतात."

सगळे हसले. ताईही हसली. पण तसाच एक जुना वीस तिला आतून ठाऊक होता. तो तिनं स्वतः लिहिला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहाव्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती. उभा जन्म मशीनवर वाकून गेलेला, कापसाच्या तंतूंनी छाती भरलेली. दवाखान्यात आली तरी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पितळी टोपी काही तिनं काढली नव्हती. निजल्या निजल्या त्या टोपीनं खाटेचा लोखंडी कठडा टिकटिक वाजवायची आणि पुटपुटायची,

टाक्यामागे टाका बाई, दोरा सरत चालला
मोजणारीला विचारा, श्वास कितवा हा झाला

त्या दुपारी ताईच्या हातात सात तक्ते होते, दारात दोन नवे रोगी होते आणि मदतीला कुणी नव्हतं. तिनं सहाव्या खाटेपाशी उभ्या उभ्या वीस लिहिला.

"पोरी, मोजलास का माझा श्वास?" बाईनं विचारलं.

"हो, मावशी. मोजला."

"किती आला?"

"वीस."

बाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. एखाद्या पोरीनं वाकडा टाका घातला की शिकवणारी बघते तशी. मग म्हणाली, "मला बत्तीस लागले गं. पण तुझी नजर चांगली असेल." आणि टोपी कठड्यावर वाजली. टिक.

संध्याकाळी डॉक्टरांनी वीस वाचला आणि ते पुढच्या खाटेकडे सरकले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सहावी खाट रिकामी झाली होती.

हे ताईनं कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तिच्या मनानं एकच गाठ मारली होती. यापुढे आपल्या नजरेखाली कुणी खोट्या आकड्याखाली दबून जाता कामा नये. एकही नाही. बाकी बाटल्या, मास्क, पंप हे सगळं खरं होतं, पण त्या सगळ्याच्या तळाशी ही गाठ होती.

घरी तिचे बाबा होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता फुप्फुसं झिजलेली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर उघडी पडलेली घड्याळं, आणि पायाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. ताईच्या कमरेला लटकणारं सेकंदकाट्याचं घड्याळ त्यांनीच जुळवून दिलेलं. "पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, हा धंदा करू नकोस," ते सांगत. "घड्याळ असो की माणूस, पुरं मिनिट ऐकल्याशिवाय बोलत नाही." सकाळी निघताना ताई दारात चपला चढवत विचारायची, "बाबा, आज किती?" आणि बाबा भिंग डोळ्याला लावून, मान वर न करता म्हणायचे, "अठरा. लिही." भिंतीला टांगलेल्या वहीत ती अठरा लिहायची आणि बस पकडायला पळायची.

*

बैठकीनंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, ताई फळी घेऊन वॉर्डात शिरली. ती वेळच अशी की जेवणं झालेली, भेटायला येणारे अजून यायचे, पडदे ओढलेले. ऊन पडद्यातून गाळून पिवळं होऊन फरशीवर सांडलेलं. दहा खाटांशी दहा बाटल्या बुडबुडत होत्या. ऑक्सिजन कोरडा लागू नये म्हणून तो पाण्यातून सोडतात, त्याचा तो आवाज. या वॉर्डात राहिलेल्या माणसाला तो ऐकूसुद्धा येत नाही, जसा नदीकाठच्या माणसाला नदीचा येत नाही.

ताईला मात्र त्या दिवशी एक आवाज वेगळा ऐकू आला. दहा बाटल्या अखंड बुडबुडत होत्या. अकरावी थांबत होती. बुडबुड, आणि गप्प. बुडबुड, आणि गप्प.

सहावी खाट. रिकामी. चादर ताणून बसवलेली, उशीला सुरकुती नाही. आणि भिंतीवरच्या बाटलीत बुडबुडे येत होते, थांबत होते.

ताईनं पुढे होऊन ऑक्सिजनची कळ पिळली. ती आधीच बंद होती. काचेच्या नळीतली छोटी गोळी तळाशी शून्यावर बसलेली. ताईनं नळी काढून कानाशी धरली. नळीतून काही येत नव्हतं.

तिनं नळभाऊला बोलावणं धाडलं. ऑक्सिजनचे नळ सांभाळणारा, दवाखान्यात जन्म काढलेला, म्हणून सगळे त्याला नळभाऊ म्हणत. तो पाना घेऊन आला, कळ खोलली, वॉशर बदलला, फडक्याला हात पुसले. बाटली बुडबुडली आणि थांबली.

नळभाऊ तिच्याकडे बघत राहिला. "ताई, गळती असती तर एकसारखी बुडबुडली असती."

"मग हे काय आहे?"

"ते मला काय विचारता? गळतीला कधी दम लागत नाही." त्यानं पाना पिशवीत टाकला आणि जाता जाता पाठमोराच म्हणाला, "बाटली काढून ठेवा नाहीतर. मी काही पाहिलं नाही."

ताईनं बाटली काढली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं कमरेचं घड्याळ तळहातावर घेतलं आणि सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली. मग मोजत राहिली. पुरं मिनिट.

बत्तीस.

पडदा हलला नव्हता, वारं नव्हतं. शेजारच्या पाचव्या खाटेवरची म्हातारी घोरत होती. दूर कुठेतरी ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं. ताईला वाटलं, आता कठड्यावर टिक होईल. झालं नाही. नुसती बाटली घाई करत राहिली, सांगायचं राहून गेलेलं माणूस करतं तशी.

ती वळली आणि दहाही तक्ते वाचत गेली. वीस. वीस. वीस. मग तक्ते सोडून तिनं माणसांकडे पाहिलं. पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. कारण श्वास मोजतायत असं कळलं की माणूस श्वास घ्यायला विसरतो नाहीतर मुद्दाम घेतो. पहिला, एकोणीस. दुसरी, बावीस. तिसरा, सोळा. चौथा, चोवीस. अशी ती नवव्या खाटेशी आली.

नवव्यावर भट्टीवाला होता. तीस वर्षं पावाच्या भट्टीपाशी पिठाच्या धुळीत उभा राहिलेला, बोलायला अगदी गरीब. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन शहाण्णव दिसत होता, चेहऱ्यावर तक्रार नव्हती. बायको बाजूला स्टुलावर बसून डुलक्या घेत होती.

"कसं वाटतंय?" ताईनं मनगट धरत विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. एवढंच. पुढच्या शब्दाला हवा नव्हती.

सेकंदकाटा फिरून बारावर आला. बत्तीस. ताईनं मान वळवली. सहाव्याची बाटली आणि या माणसाची छाती एकाच वेळी वर होत होती, एकाच वेळी खाली.

"सिस्टर, मशीनवर तर सगळं चांगलं दाखवतंय ना?" बायको दचकून जागी होत म्हणाली.

"मशीन ऑक्सिजन बघतं, वहिनी. तो मिळवायला यांना किती कष्ट पडतायत, ते नाही बघत," ताई म्हणाली आणि धावत सुटली.

अर्ध्या तासात भट्टीवाला अतिदक्षता विभागात होता. छातीच्या फोटोत खालचा भाग पांढरा होऊन गेला होता. "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, तर थकला असता तो," मोठे डॉक्टर म्हणाले. या खेपेला चष्मा कपाळावर नव्हता. "कळलं कसं तुला?"

"मोजलं," ताई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

परत वॉर्डात आली तेव्हा सहाव्या खाटेची बाटली शांत होती. पाणी असं निश्चल की त्यात खिडकीचे गज दिसत होते.

*

त्यानंतर ताईनं वॉर्डाचा जीव नकोसा केला. श्वास पुरं मिनिट मोजायचा. मोजला की आकड्यापुढे मोजणारीची सही. दर आठवड्याला ती कुठल्याही पाच खाटा निवडून पुन्हा मोजणार, आणि फरक पडला तर सगळ्यांसमोर विचारणार. पोरी मागून तिला मोजणीताई म्हणू लागल्या. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तर तोंडावरच म्हणाल्या, "अगं, एकेका रोग्यापाशी मिनिटभर उभं राहायचं, तर बाकीची कामं तुझे वडील येऊन करणार का?"

"ते घड्याळं दुरुस्त करतील. वेळ काढून देतील तुम्हाला."

"जीभ बघ कशी चालते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी चवथ्या खाटेपाशी त्या स्वतःच मनगट धरून उभ्या दिसल्या. ओठ हलत होते.

हळूहळू तक्त्यांवरचे वीस विस्कटले. सतरा आले, तेवीस आले, एकदा नुसता अकरा आला आणि झोपेच्या औषधाचा जादा डोस वेळेवर सापडला. भट्टीवाला सतरा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. ताईनं आणखी एक नियम केला. रिकाम्या खाटेची बाटली धुऊन, वाळवून, कोरडी टांगायची. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात, हे कारण तिनं कागदावर लिहिलं. दुसरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

सहावी खाट एरवीही फारशी लागत नसे. रोगीच ती नको म्हणत. कुणी म्हणे तिथं गार लागतं, कुणी म्हणे तिथं कुणीतरी उशाशी बसल्यासारखं वाटतं. झाडलोट करणाऱ्या मावशी मात्र रोज तिचा कठडा पुसत आणि पुसता पुसता दोन शब्द बोलत. "काय बोलता, मावशी?" ताईनं एकदा विचारलं.

"काही नाही. विचारते, झोप लागली का म्हणून."

"कुणाला?"

मावशींनी फडकं पिळलं. "तुम्ही आपलं मोजा, ताई. मी आपलं पुसते."

*

मग बाहेरून तपासणीची माणसं यायचा दिवस ठरला. आठ महिन्यांचं काम दाखवायचं होतं. ते त्यांना पसंत पडलं, तर हीच मोजणी साऱ्या दवाखान्यात लागू होणार होती. ताईनं तक्ते लावले, आलेख काढले. घरी ऑक्सिजनवर असलेल्या रोग्यांनी नोंद कशी ठेवावी, याचा नमुना हवा होता म्हणून सकाळी निघताना भिंतीवरची बाबांची वहीच काढून पिशवीत टाकली.

"बाबा, आज किती?"

"अठरा," बाबा म्हणाले. भिंग डोळ्यालाच होतं. दोन्ही कोपरं टेबलावर रोवलेली. "आणि हे बघ, बोलताना घाई करू नकोस. पाहुण्यांना पुरं मिनिट दे."

ती हसली. दारातच अठरा लिहिला आणि गेली.

पाहुणे अडीचला आले. खालच्या सभागृहात चहा सुरू झाला. साडेतीनला ताईला बोलायचं होतं. शेवटचा एक फेरा मारावा म्हणून तीनला ती वॉर्डात आली. पडदे ओढलेले, फरशीवर तेच पिवळं ऊन. दहा बाटल्यांची अखंड बुडबुड. ती सहाव्याकडे बघायचं टाळत पुढे गेली, आणि टाळता टाळता बघितलंच.

बाटली कोरडी होती. धुऊन, वाळवून टांगलेली, तिच्याच नियमानं. ना नळी, ना पाणी. आणि तिच्या आतल्या काचेवर वाफ धरत होती, विरत होती. आरशावर कुणी तोंड जवळ नेऊन फुंकावं, तशी पांढरी होई. मग स्वच्छ. पुन्हा पांढरी. आवाज काही नाही.

ताईचा हात सवयीनं कमरेकडे गेला. सेकंदकाटा बारावर आला. वाफ धरली, एक. विरली. धरली, दोन.

चौतीस.

ती पहिल्या खाटेकडे धावली. मनगट धरलं, पुरं मिनिट. अठरा. दुसरी, वीस, खरा वीस. तिसरी, तेवीस. ती एकेक करत अकराव्यापर्यंत गेली, म्हणजे दहा मिनिटं गेली, आणि तक्त्यावरचा एकही आकडा खोटा निघाला नाही. पोरींनी खरंच मोजलं होतं. एरवी तिचा ऊर भरून आला असता.

वाफ धरत होती, विरत होती. आता जरा आणखी घाईनं.

ताईनं सगळ्यांचे पुन्हा मोजायला घेतले. पाचव्या खाटेवरची बाई म्हणाली, "माझी नाडी आत्ता बघितलीत ना, सिस्टर?"

"पुन्हा बघते हं, काकू."

"काही झालंय का मला?"

"तुम्हाला नाही," ताई म्हणाली. आणि आपल्या तोंडून काय गेलं, ते तिचं तिलाच नवल वाटलं.

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. "अगं, पाहुणे खुर्च्यांवर चुळबुळ करतायत. ये खाली. ते वहीचं काय ते दाखवणार होतीस, ती तरी दे माझ्याकडे."

ताईनं पिशवीत हात घातला. वही काढली आणि द्यायच्या आधी उघडली. पानभर बारीक, नीट अक्षर, तिचंच. अठरा. अठरा. अठरा. पान उलटलं. अठरा. मागचं, त्याच्या मागचं. चार महिने. पावसाळी दिवस, खोकल्याचे दिवस, ज्या दिवशी बाबा जिना चढून आले आणि पायरीवर बसून राहिले तो दिवस. सगळीकडे अठरा. एकही तिनं मोजलेला नव्हता. साऱ्या वॉर्डाला मोजायला लावणारी बाई चपला चढवता चढवता दारातून विचारत होती, आणि उत्तर लिहून घेत होती.

तिनं बाटलीकडे पाहिलं. काच पांढरी झाली आणि या खेपेला विरायला उशीर लागला.

"सिस्टर, माझ्या घरी ॲम्ब्युलन्स पाठवा. पत्ता वहीवर आहे," ती म्हणाली. वही मोठ्या सिस्टरांच्या हातात कोंबली.

"अगं, पण फोन आलाय का? कुणी सांगितलं तुला?"

ताई जिन्यावर पोहोचली होती.

*

बाबा खिडकीपाशीच होते. कोपरं टेबलावर रोवलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले. मशीन पायाशी घरघरत होतं. समोर एक घड्याळ उघडं पडलं होतं, त्याचे काटे काढून बशीत ठेवलेले. भिंग डोळ्याला होतं, पण त्यातून ते काही बघत नव्हते. ओठ जांभळे पडले होते.

"लवकर आलीस," ते म्हणाले. दोन शब्दांत दोनदा थांबले.

ताई गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"अठरा," ते म्हणाले. "लिही."

"गप्प बसा, बाबा."

"तू बघितलंस की... मी दम धरतो," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. "तुला कामावर... जायचं असतं."

ती मोजत होती. डोळे भरून आले होते म्हणून सेकंदकाटा दिसेना, तेव्हा टेबलावरच्या साऱ्या घड्याळांची टिकटिक ऐकत मोजत राहिली. खाली ॲम्ब्युलन्सचा भोंगा गल्लीत वळला तेव्हा मिनिट पुरं झालं.

छत्तीस.

*

अतिदक्षता विभागात जागा नव्हती, आणि वॉर्डात एकच खाट रिकामी होती, सहावी. मावशींनी चादर बदलायला घेतली आणि हात मागे घेतला. "ऊबदार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता कुणी उठून गेल्यासारखी." मग नवी चादर ताणली आणि कठड्यावरून एकदा फडकं फिरवलं. या वेळी बोलल्या नाहीत.

मोठ्या सिस्टरांनी स्वतः बाटलीत पाणी भरलं. तपासणीचं काय झालं, हे ताईनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "ती वही दाखवली मी त्यांना. पानभर अठरा. म्हटलं, घरच्या माणसाचं असं होतं, आम्ही हे पण शिकतोय." बाबांच्या तोंडावर मास्क बसवला, हवेचा दाब देणारं मशीन लागलं. मोठे डॉक्टर येऊन गेले. "पुढचे दोन तास महत्त्वाचे," म्हणाले. "मोजत राहा."

ताई मोजत राहिली. दर दहा मिनिटांनी, पुरं मिनिट. पस्तीस. चौतीस. चौतीस. तेहतीस. उन्हाचा पिवळा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीवर चढला. भेटायला येणारे आले आणि गेले. सहाव्या खाटेची बाटली इतर दहा बाटल्यांसारखी बुडबुडत होती, न थांबता, एकसारखी, जशी बुडबुडायला हवी. तीस. एकोणतीस.

सूर्य मावळायच्या वेळी बाबांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे उघडले, मास्कमधून काहीतरी म्हणाले. ताई वाकली.

"ती बाई कुठे गेली?"

"कोणती, बाबा?"

"इथं पायाशी बसली होती ती. शिवत होती काहीतरी." त्यांनी दम घेतला. सावकाश, पोट फुगवून, पुरा दम. "म्हणाली, सरकते मी, तुम्ही पडा. पोरीला म्हणावं, टाका सरळ आला."

ताईनं खाटेच्या पायथ्याशी पाहिलं. चादरीला तिथं एक बसका खड्डा पडला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो भरून सपाट झाला.

बाबांचे डोळे मिटले. ही झोप होती, थकवा नव्हता. तिला फरक कळत होता. तिनं उजव्या हातात त्यांचं मनगट घेतलं, डाव्या तळहातावर घड्याळ ठेवलं, आणि काटा बारावर यायची वाट पाहिली.

एक. दोन. तीन.

सातव्या श्वासाला तिला जाणवलं. घड्याळ धरलेल्या तिच्या डाव्या मनगटावर, नाडीच्या जागी, दोन बोटं टेकली होती. हलकी, कामाची बोटं. एक बोट बोटासारखं होतं आणि दुसरं पितळेसारखं गार.

ती हलली नाही. हलली असती तर मोजणं चुकलं असतं. बाबांची छाती वर होत होती, खाली होत होती, आणि त्याच वेळी कुणीतरी तिचे श्वास मोजत होतं, घाई न करता, एकही न गाळता. काटा फिरत राहिला.

काटा बारावर आला तशी ती बोटं उचलली गेली. कठड्यावर एकदाच आवाज झाला. टिक.

ताईनं तक्ता ओढून घेतला. अक्षर नीट आलं. सव्वीस, असं तिनं लिहिलं, आणि पुढे सही केली.